तिसऱ्या कडव्यानंतरची ढोलकी

रक्षा, तो दिवा जरा अलीकडे घे. आमच्या आंजी गावची लाइट एकदा गेली की माहेरी गेल्यासारखी करते, लवकर परतायचं नाव नाही. तोवर तुला सांगते. मावशीला भ्रम झालाय असं म्हणायचं असेल तर सगळं ऐकून झाल्यावर म्हण.

त्या गुरुवारी मी एसटीनं वर्ध्याला गेले होते, पॅडची वायर तुटली होती, नवी आणायला. पॅड म्हणजे रबराच्या चौकोनी गाद्यांची पाटी. ती वायरीनं लॅपटॉपला जोडायची. गादीवर बोट मारलं की ढोलकीचा बोल वाजतो आणि पडद्यावर त्या बोलाची रंगीत वीट उमटते. हे मला वर्षालीनं, माझ्या सुनेनं शिकवलं. तिला कॉलेजपासून कॉम्प्युटरवर गाणी बांधायचा नाद, आणि मला नड. तुझे काका गेल्यापासून आमच्या भजनी मंडळाला ढोलकी उरली नव्हती. बायका एकेक करून गळत होत्या. पेटी वाजवणाऱ्या शकुबाईनं स्पष्टच सांगितलं होतं, या गुरुवारी ताल जमला नाही तर मंडळ बंद. मंडळ आम्ही दोघांनी लग्नानंतर सुरू केलेलं. ते मिटलं असतं तर त्यांचं म्हणावं असं माझ्यापाशी काय उरलं असतं?

शिकताना माझी फजिती विचारू नको. भाकरी थापल्यासारखी मी गाद्या थापायची आणि वर्षाली ओठ दाबून बसायची. शेवटी ताल जमला, पण भलताच. कॉम्प्युटर प्रत्येक वीट ओढून ठोक्याच्या सरळ रेघेवर बसवायचा. आदल्या गुरुवारी तो लावून पाहिला तर शकुबाईनं पेटी थांबवली.

"शोभाबाई, हे मशीन काऊन धावून राह्यलं? आपल्याले गायचं हाय का बस पकडायची हाय?"

खरंच होतं. तुझे काका नेहमी केसभर मागून यायचे. ढोलकीतही आणि जेवायलाही. त्यांच्या त्या केसभर उशिरात आम्ही बायका श्वास घ्यायचो. वर्षालीनं सरळ करायचं बटण बंद करून दिलं, मग मी एकेक वीट मागं सरकवून पाहिली. कधी फारच मागं जायची, कधी पुढं. एखाद्या माणसाचा उशीर काही दुसऱ्याला लावता येत नाही.

वायर घेऊन आले तेव्हा ऊन उतरलं होतं. वर्षाली घरी यायची होती. मी बैठक घातली. आमच्या मंडळाची रीत आहे, ज्याची त्याची वस्तू त्याच्या जागेपुढं मांडायची. गाणारीपुढं टाळ, पेटीवालीपुढं पाण्याचा तांब्या, ढोलकीवाल्यापुढं हाताला लावायचा पावडरचा डबा. मांडलं की त्या माणसानं यायचंच. आणि माणूस वारला की त्याची मांडणी कायमची उचलायची. मी पॅड तुझ्या काकांच्याच सतरंजीवर ठेवला, आणि इतक्या वर्षांची हाताची सवय, शेजारी पावडरचा डबाही ठेवून बसले.

रेकॉर्डिंग सुरू केलं आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. मी दिवा लावायला आत गेले. काडी ओढली तेवढ्यात बाहेरून आवाज आला. थप्प... थप्प थप्प... रबरावर बोट पडल्याचा, कोरडा. मांजर असेल म्हटलं. मग वास आला, पावडरचा, आणि त्यात मिसळलेला त्यांच्या तंबाखूचा. काडी बोटापर्यंत जळून विझली तरी मला कळलं नाही; अख्ख्या भजनाचा ताल होत आला तोवर मी अंधारात ऐकत राहिले.

"अहो... तुमी हाय का?"

आवाज थांबला. तोही केसभर उशिरा थांबला.

बाहेर कोणी नव्हतं. पडद्यावर विटांची रांग होती, एकही रेघेवर नाही. लावून ऐकलं. मी रडले गं. भीती वाटली, पण भीतीहून जास्त बरं वाटलं. फक्त तिसऱ्या कडव्यानंतर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, जास्तीची होती. चूक म्हणून मी ती पुसणार होते, तेवढ्यात बायका आल्या.

गाताना तिसरं कडवं संपलं आणि माझा दम तुटला. तो तिथंच तुटतो, नेहमी. हे फक्त त्यांना ठाऊक होतं. दर वेळी ते कोणाला कळू न देता एक फेरी जास्त वाजवून मला सावरायचे. त्या संध्याकाळीही ढोलकीनं एक फेरी जास्त मारली. मी श्वास घेतला आणि चौथं कडवं उचललं. शकुबाईनं डोळे पुसले. मंडळ टिकलं.

बायका गेल्यावर, तोवर घरी आलेल्या वर्षालीनं पॅड उचलला. गाद्यांवर पावडरचे ठसे होते. तीन बोटं पूर्ण, एक अर्धं. काकांच्या बोटाचं एक पेर कडबा कापायच्या कुट्टी मशीननं नेलं होतं, तुला माहीत आहे.

"आई, हे तुमी वाजवलं?"

"मीच वाजवलं, पोरी."

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि ठसे न पुसता पॅड होता तिथं ठेवला.

तेव्हापासून मी ती मांडणी उचलली नाही. दर गुरुवारी भजन नवं असतं, आणि दर गुरुवारी मी रेकॉर्डिंग सुरू करून आत जाते. मला भीती वाटत नाही. म्हणजे वाटत नव्हती. दिवाळीपासून तिसऱ्या कडव्यानंतर दोन फेऱ्या येऊ लागल्या, मग त्याहून जास्त. वर्षाली कापून टाकू का म्हणते, मी नको म्हणते. डॉक्टरांनी छाती तपासली, काही नाही म्हणाले. दमही पूर्वीइतकाच तुटतो. आणि गेल्या गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्ये चौथ्या कडव्याची उचलच नाही. तिसरं संपतं, आणि ढोलकी नुसती फिरत राहते, मी येईपर्यंत.

आज दुपारी बैठक घालायला गेले तर माझे टाळ आधीच मांडलेले होते. माझ्या जागेपुढं नाही, त्यांच्या सतरंजीवर, डब्याच्या शेजारी. वर्षालीला विचारलं, तिनं ठेवले नाहीत. आणि रीत तर तुला सांगितलीच, मांडलं की त्या माणसानं यायचंच. तिथं ते अजून आहेत, बघ... टाळांवर पावडर लागलीय.