वजा सात

आईच्या घरातलं वायफाय मीच लावलेलं होतं, आणि त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लोकांच्या घरी जाऊन राउटर नीट करणं हा माझा धंदा. दिवसाला पाच-सहा घरं होतात. "राउटर कपाटात कोंडू नका, चॅनल ऑटोवर सोडू नका," हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की झोपेतही बरळत असेन. आईचा राउटर मात्र बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर, ऑटोवर, धूळ खात पडला होता.

हे उघडकीला आलं ते पट्ट्यामुळे. आईच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात, म्हणून हॉस्पिटलने तिच्या छातीला एक पट्टा बांधला होता. तो दिवसरात्र ठोके मोजतो आणि वायफायवरून हॉस्पिटलला पाठवतो. दहा मिनिटांहून जास्त वेळ पट्टा गप्प झाला की तिथल्या नर्सबाई घरी फोन करतात. दोन महिने दर आठवड्याला त्यांना सहा वेळा फोन करावा लागत होता. गेल्या आठवड्यात सातवा फोन त्यांनी ताईला केला आणि सांगितलं, की असंच चालणार असेल तर पेशंटला घरी एकटं ठेवता येणार नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि एकदा ठरवलं की ठरवलं. तिने एका वृद्धाश्रमात खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

"शुक्रवारपर्यंत नीट कर, ढब्ब्या," ती म्हणाली. "नाही झालं तर शनिवारी मी आईला हलवणार. मग रडत येऊ नकोस माझ्याकडे."

"आईला विचारलंस?"

"काय विचारायचं? ती नाहीच म्हणणार."

आई नाहीच म्हणत होती. खिडकीजवळची खुर्ची, पायाखालचं छोटं स्टूल आणि समोरचा रस्ता, यापलीकडे तिला काही नको होतं. "इथून उचललंत तर जगायची नाही मी," असं ती मला म्हणाली होती, तेही भाजी चिरता चिरता, आज दूध जास्त आलंय असं सांगावं तशी. मी तिच्याकडे जातो फक्त रविवारी. कामाच्या दिवशी निघता येत नाही, असं मी सांगतो. खरं म्हणजे चार वाजता अर्धा तास काढणं मला कधीच अवघड नव्हतं.

त्या रविवारी लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो. एकाच खोलीत पन्नास माणसं बोलायला लागली की कोणाचंच धड ऐकू येत नाही, तसं एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेवर, आलेल्या शेजारपाजारच्या राउटरांचं होतं. एक नंबरच्या चॅनलवर नऊ शेजारी होते, अकरावर सात, सहावर फक्त दोन. आईचा राउटर ऑटोवर राहून नेमका त्या नऊ जणांच्या गर्दीत घुसला होता. मी त्याला सहावर बसवला आणि खुशीत स्वतःचीच पाठ थोपटली.

आईच्या खुर्चीपाशी आकडा आला सत्तर. हा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. पंचाहत्तरच्या पुढे पट्टा हात टेकतो. सत्तर म्हणजे काठावर पास, पण पास.

माझी एक सवय आहे, तीही सांगायला हवी. माणसाच्या अंगात पाणी फार, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये कोणी उभं राहिलं की आकडा वाढतो. म्हणून मी घरातल्या प्रत्येकाला मध्ये उभं करून बघतो. आई मध्ये उभी राहिली तेव्हा आकडा चारने वाढला, ताई उभी राहिली तेव्हा पाचने. माझा कायम सात. पोट सुटलंय, त्याचा हा पुरावा, असं गिऱ्हाइकांना सांगून मी हसवतो. मोजताना मी स्वतः मध्ये येत असलो तर आलेल्या आकड्यातून सात वजा करतो. मोजणाऱ्याने स्वतःला धरायचं नसतं.

"काल नुसताच उभा राहिलास," चहा देताना आई म्हणाली. "बसला का नाहीस?"

"काल मी कुठे आलो होतो, आई?"

ती माझ्याकडे पाहून हसली आणि चहात साखर कमी आहे का, असं विचारलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. वय झालंय, असं दोघांच्याही मनात आलं असणार.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी पट्टा गप्प झाला. चार अठ्ठावीसला पुन्हा बोलू लागला.

कामावरूनच मी आईच्या राउटरची सेटिंग लॅपटॉपवर उघडली आणि चॅनल बदलून अकरावर टाकला. मंगळवारी पुन्हा तेच. दहाला गेला, अठ्ठावीसला आला. नर्सबाई आता मलाच फोन करत होत्या, आणि त्यांचा आवाज बर्फासारखा गार झाला होता. मी एक नंबरवर परत गेलो आणि चॅनलची रुंदी कमी केली. बुधवारीही चार दहाला तेच.

मग मी करायला हवं होतं ते उशिरा केलं. राउटरने साठवलेली नोंद उघडून नीट वाचली. शेजाऱ्यांच्या गोंगाटाने पट्ट्याचा सिग्नल तुटतो, पण सिग्नलची ताकद त्याने कमी होत नाही. इथे ताकदच कमी झालेली होती. सोमवारी सत्तरचे सत्त्याहत्तर. मंगळवारी सत्तरचे सत्त्याहत्तर. बुधवारीही. म्हणजे गोंगाटाचा यात काही संबंधच नव्हता. मी तीन दिवस चॅनल बदलत बसलो होतो आणि तिथे राउटर आणि खुर्चीच्या मध्ये काहीतरी येऊन उभं राहत होतं. अठरा मिनिटं थांबत होतं आणि जात होतं.

सातने.

सात काय, एखाद्या लोखंडी कपाटानेही होतात, असं मी स्वतःला बजावलं. पण कपाट चार दहाला येत नाही. मी दोन महिन्यांची नोंद मागे नेली. रोज होतं. रविवार तेवढे कोरे. आठही रविवार, ज्या दिवशी मी तिथे खुर्चीसमोर चहा पीत बसलेला असतो.

माझी कामाची वहीही काढून बघितली. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण बघितली. मंगळवारी चार दहाला मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे होतो. वहीत त्याची सही होती, वेळेसकट. मी ती सही बराच वेळ बघत बसलो. माझं डोकं अगदी चालेनासं झालं होतं.

बुधवारी संध्याकाळी काम संपवून तडक आईकडे गेलो. वायर ओढून एक लहानसा दुसरा राउटर तिच्या खुर्चीच्या मागच्याच भिंतीवर ठोकला. पट्टा त्याला जोडला. आता पट्टा आणि राउटर यांच्यात हातभर अंतर होतं, मध्ये शिरायला कोणाला जागाच नव्हती. जुना राउटर मी चपलांच्या कपाटावर तसाच चालू ठेवला. का ठेवला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

स्टुलावर चढून खिळे ठोकताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, चार वाजता कोण येतं गं तुझ्याकडे?"

"तू."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी ताईबरोबर येतोस ना." तिने खाली पडलेला खिळा उचलून माझ्या हातात दिला. "चारला येतोस तेव्हा बोलत नाहीस फारसा. दमलेला असतोस. पण येतोस."

हे ताईला सांगितलं असतं तर शनिवारची वाट न बघता तिने दुसऱ्याच दिवशी गाडी बोलावली असती. मी सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारची दोन कामं पुढे ढकलली आणि पावणेचारला आईकडे पोचलो. किल्ली माझ्याकडे असते. आई खिडकीपाशी बसून लसूण सोलत होती. मला पाहून ती थोडी गोंधळल्यासारखी वाटली.

"मी जरा आकडे बघतो," मी म्हणालो. "तुझं चालू दे."

लॅपटॉप जुन्या राउटरला जोडला आणि आईच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. मी स्वतः बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिथून लॅपटॉपचा पडदा दिसत होता आणि मी कशाच्याच मध्ये येत नव्हतो. सत्तर. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. लसणाचा वास येत होता. चार वाजून पाच झाले. सत्तर. चार नऊ. सत्तर.

चार दहाला आकडा हलला.

सत्त्याहत्तर.

बाहेरच्या खोलीपासून खुर्चीपर्यंत मला सगळी जमीन दिसत होती. फरशा, चपलांचं कपाट, बंद दार. कोणी नव्हतं.

आईने लसणाचं ताट बाजूला ठेवलं. पायाखालचं स्टूल तिने पायानेच थोडं डावीकडे सरकवलं, कोणी जवळ आलं की जागा करून द्यावी तसं. मान वर करून ती हसली. माझ्या उंचीवर बघत होती.

"आज वेळेवर आलास," ती हळूच म्हणाली.

नर्सबाईंचा फोन येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. आला नाही. आईच्या पाठीमागच्या नव्या राउटरचा हिरवा दिवा शांतपणे चालू होता. पट्टा ठोके पाठवत होता. आईला आता कोणी हलवणार नव्हतं. माझं काम झालं होतं, आणि मी निघून जायला हवं होतं.

मी पुढे गेलो. ती बघत होती नेमक्या त्याच जागी जाऊन उभा राहिलो, राउटरकडे पाठ करून. सत्त्याहत्तरचे आता चौऱ्याऐंशी व्हायला हवे होते. मी पडद्याकडे पाहिलं.

सत्त्याहत्तर.

पोट पुढे काढून उभा राहिलो. दोन्ही हात पसरले. आकडा जागचा हलला नाही. आई माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत कोणाला तरी सांगत होती, की डाव्या गुडघ्याला आता बरं आहे. हे तिने मला रविवारी सांगितलं नव्हतं.

मी तसाच थांबलो. अठरा मिनिटं म्हणजे फार वेळ असतो.

चार अठ्ठावीसला आकडा खाली आला. सत्तर. स्वच्छ सत्तर, खोली रिकामी असताना यावा तसा.

मी अजून मध्येच उभा होतो.

आईने बंद दाराकडे क्षणभर पाहिलं, मग ताट परत मांडीवर घेतलं. तेव्हा कुठे तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने पदर सारखा केला.

"बराच वेळ उभे आहात," ती म्हणाली. "माझा मुलगाही हेच काम करतो. आत्ताच येऊन गेला." मग भिंतीवरच्या दिव्याकडे बोट दाखवून तिने आदराने विचारलं, "झालं का हो तुमचं काम?"

मी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "आता मध्ये कोणी नाही."