पाणी कुठवर आलं होतं?

गोष्ट भर दुपारची आहे. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल उठून जावं.

मोजणीदार साडेअकराला ओढ्याकाठच्या बंद गोदामापाशी आला. काखेत वही, हातात टेप. गोदाम पाडून तिथं सहा दुकानं उभी राहायची होती, खाली तळघर. पूर आला तर पाणी किती चढेल आणि तळघर चालेल का, हे त्यानं लिहून द्यायचं होतं. जागा नुकतीच त्याच्या धाकट्या भावानं घेतलेली, किल्लीसुद्धा त्याच सकाळी मिळाली होती. धाकट्याची उजवी करंगळी शटरमध्ये अर्धी गेलेली, म्हणून घरात सगळे त्याला साडेचार म्हणत आणि तोही हसत ओ देई.

"दादा, तळघराचं तेवढं जमव," साडेचार म्हणाला होता. "माझं दुरुस्तीचं टेबल तिथंच टाकणार. दिवसभर खालीच असेन, तुझ्या वहीची कटकट नको!"

मोजणीदाराची पद्धत साधी. पूर पाहिलेलं माणूस गाठायचं, 'पाणी कुठवर आलं होतं?' विचारायचं, भिंतीवर हात ठेवायला लावायचा आणि जमिनीपासून हातापर्यंत टेप धरायचा. फक्त सात वर्षांपूर्वी, याच गोदामाच्या वेळी, त्यानं आत पाऊलही टाकलं नव्हतं. शेजारच्या कुंपणावरची खूण बघून 'कंबरभर' लिहिलं आणि मोकळा झाला. शेजारची जमीन चार फूट उंच आहे, हे काही डोक्यात आलं नाही. त्या कागदाच्या भरवशावर म्हातारा रखवालदार आतच झोपत राहिला आणि पुढच्या पुरात बुडाला. तेव्हापासून मोजणीदाराला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. बायको म्हणायची, "तुमचं पार लाकूड झालंय हो!"

त्यानं कुलूप काढलं. आत अंधार, कुजलेल्या पोत्यांचा वास. कुठंतरी टप... टप... चाललेलं. पाऊस पडून तीन महिने झाले होते.

डोळे सरावले तेव्हा भिंतीपाशी रखवालदार उभा दिसला. तोच खाकी सदरा, बाह्यांतून पाणी गळतंय.

दुसरा कुणी असता तर बोंब ठोकत पळाला असता. यानं टेप उघडला.

"काका... पाणी कुठवर आलं होतं?"

म्हाताऱ्यानं हात उचलला. छाती, कपाळ, डोकं... डोक्याच्याही वीतभर वर नेऊन तळवा भिंतीवर टेकवला.

"इथवर..."

सव्वासहा फूट. मोजणीदारानं वहीत लिहिलं.

"माझं चुकलं, काका."

 म्हाताऱ्यानं आणखी वर, तुळईजवळ बोट दाखवलं.

"हे... अजून यायचंय..."

तिथं एका पंजाचा ओला ठसा होता. उजवा हात. करंगळी अर्धी.

सात वर्षांत पहिल्यांदा मोजणीदाराला भीती वाटली. वळून पाहिलं तर भिंतीपाशी कुणीच नव्हतं. जमीन मात्र ओली होती.

त्यानं साडेचारला बोलावून घेतलं. तो आला, आधी हसला, मग तिथं पडलेल्या एका पिंपावर चढला आणि गंमत म्हणून हात ठशावर ठेवला. नखाएवढाही फरक नाही.

"दादा... मी इथं आधी कधी आलो होतो का रे?"

"नाही."

"तळघर खोड," साडेचार खाली उतरत म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मोजणीदारानं तळघर खोडलं. दुकानं उंच खांबांवर, खाली सगळं मोकळं, असं लिहून सही केली. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या महिन्यात गोदाम पाडलं, त्या भिंतीची वीट न् वीट फुटली. नवे खांब उभे राहिले.

तिसऱ्या खांबावर, तेवढ्याच उंचीवर, तो ठसा आहे. मोजणीदार रोज दुपारी शिडी लावतो आणि फडक्यानं पुसतो.

"दादा, तिथं रोज काय पुसतोस रे?" साडेचार खालून विचारतो.

"धूळ," तो म्हणतो आणि ओलं फडकं खिशात कोंबतो.