शुक्रवारचं आमंत्रण

काराकोलच्या बियाणे कंपनीत पत्रव्यवहाराची सगळी शिस्त सेइलकानच्या हाती होती. मागण्यांचे ईमेल एका फोल्डरमध्ये, तक्रारींचे दुसऱ्यात. कुणाची बैठक कधी, याची आठवण प्रत्येकाच्या कॅलेंडरवर तीच लावून ठेवायची. वयानं थोरली, म्हणून सगळे तिला एजे म्हणत.

सोमवारी सकाळी तिच्या पडद्यावर एक चौकट उगवली.

‘सेइलकानच्या चाळिसाव्याचं जेवण. शुक्रवारी दुपारी, मोठ्या खोलीत.’

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतात, ते जेवण. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती.

“माझ्या मयतीची एवढी घाई कुणाला झालीये रे?” तिनं मोठ्यानं विचारलं. कुणी हसलं नाही. चौकट सगळ्यांच्याच पडद्यावर होती.

तिनं ती पुसून टाकली. चहा घेऊन येते तो पुन्हा हजर. खाली आता नावंही उमटू लागली होती. येणार. येणार. येणार.

“शपथ एजे, मी काहीच दाबलं नाही हो!” शेजारच्या टेबलावरची जिपारा रडकुंडीला आली. तिचंच नाव पहिलं होतं.

बुधवारपासून सेइलकानला आलेले ईमेल आपसूक एका नव्या फोल्डरमध्ये सरकू लागले. फोल्डरचं नाव, ‘दिवंगत’. ती एकेक ओढून परत जागेवर आणायची. शेजारी जिपारा फोनवर कुणाला तरी सांगत होती, “नाही, ते एजे बघायच्या...” आणि तिनं जीभ चावली.

साहेब, म्हातारे तुर्दुबेक, दारात येऊन घुटमळले. “सेइलकान, शुक्रवारी भावाकडे जाऊन ये. रजा देतो.”

“का म्हणून? ज्याला माझं जेवण जेवायचंय, त्यानं माझ्यासमोर बसून जेवावं.”

शुक्रवारी दुपारी तेलाचा वास दरवळला. गेलेल्या माणसाच्या नावानं घरोघरी तळण काढतात, अगदी तसा. कचेरीत शेगडी नव्हती.

एकेक जण उठून मोठ्या खोलीकडे गेला.

सेइलकाननं रुमाल नीट बांधला आणि मागोमाग गेली.

टेबलावर गरम बोरसोकांचा, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचा, ढीग. सगळे माना खाली घालून उभे. मानाची खुर्ची रिकामी.

ती जाऊन त्या खुर्चीत बसली.

“जिपारा, चहा ओत. मला आधी.”

जिपारानं तिच्या वाटीत काठोकाठ ओतला. सेइलकाननं बोरसोक मोडून खाल्ला, वर भुरके मारत चहा प्यायली. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली. तुर्दुबेक खुदकन हसले. मग सगळेच हसले, बसले, पोटभर जेवले. पडद्यांवरची चौकट गेल्याचं कुणीतरी पळत येऊन सांगितलं.

जिपारा चहाच्या वाट्या उचलू लागली. सेइलकानपाशी आली आणि थबकली.

वाटी ओतली होती तशीच, काठोकाठ भरलेली होती.

“एजे...”

“राहू दे तिथंच. माझा चहा व्हायचाय अजून.”

सेइलकाननं वाटी उचलून मोठा घोट घेतला. गरम चहा घशाखाली उतरलेला तिला नीट कळला. वाटीतली साय जराशी हलली आणि काठाशी तशीच स्थिर झाली.