सतरा नंबरचा गहू

बारा वर्षं ती गव्हाच्या पानांना गुण देत आली होती, म्हणून संशोधन केंद्रात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. गुण शून्य ते नऊ. नऊ म्हणजे पानावर तांबेरा एवढा माजलेला, की नुसतं बोट फिरवलं तरी बोट विटकरी व्हावं. शून्य म्हणजे रोग नाही. शाळेतल्या मास्तरांच्या अगदी उलट, हिला आनंद व्हायचा तो शून्याचा, आणि बारा वर्षांत तो काही झाला नव्हता. दर हंगामात काचघरात नवी रोपं यायची, ती त्यांच्यावर तांबेऱ्याची भुकटी फवारायची, दहा दिवस वाट बघायची आणि मग भिंग घेऊन बसायची. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, आणि वहीत पडायचे सात, आठ, आठ, नऊ.

सतरा नंबरच्या गव्हात एका रानगवताचं जनुक घातलं होतं. त्याचा खाक्याच वेगळा. भुकटीचा कण पानावर जिथे पडेल तिथली पेशी आपणहून मरायची. शेजारच्या पेशी तिच्या बाजूची दारं लावून घ्यायच्या. तिला पाणी नाही की अन्न नाही. तिच्याबरोबर रोगही उपाशी मरायचा. मागे उरायचा टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका, बाकी पान हिरवंगार. अशा ठिपक्याला काय गुण द्यायचे ते या धंद्यात केव्हाच ठरलेलं आहे. मेलेला ठिपका म्हणजे रोग नव्हे. तिने शून्य लिहिलं. पुढच्या पानालाही शून्य. अडीचशे पानं झाल्यावर तिने भिंग खाली ठेवलं आणि तिला चक्क रडू आलं.

मोठे साहेब धावतच काचघरात आले. "ना औषध, ना फवारणी," ते म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला, बाई!"

पुढच्या हंगामात सतरा नंबरचं पोत्यांनी पीक आलं. दळण झालं, भट्टी लागली, आणि केंद्रातल्या सगळ्यांनी पाव चाखून बघितला. साहेबांनी, कारकुनाने, चहावाल्या मावशीने, सगळ्यांनी. फक्त तिने नाही. गुण देणाऱ्याने चाखायचं नाही, असा तिथला जुना नियम होता. जिभेला आवडलं की हात सैल पडतो म्हणे. तो नियम ती काटेकोरपणे पाळायची. पण उरलेले पाव टाकून देणं तिच्या जिवावर आलं. नियमात ते बसत नव्हतं, तरी तिने सहा पाव पिशवीत घातले आणि घरी नेले.

घरी तिघं होती. दादा, वहिनी, आणि दोन वर्षांपासून मधल्या खोलीत पलंगावर पडून असलेली ताई. आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती. तिने शिक्षण सोडलं, लग्न केलं नाही, दादाला आणि हिला हाडाची काडं करून वाढवलं. आता तिची फुप्फुसं कामातून गेली होती. दिवसा वहिनी बघायची, संध्याकाळी दादा, रात्री ही. करणारी तिघं होती म्हणून निभत होतं. ताईला पेजेशिवाय काही गिळवत नसे. पाव खाल्ला तो दादा-वहिनीने, आणि खाल्ला तोही मिटक्या मारत.

"तुमच्या साहेबांना सांग, असाच पाठवत जा म्हणावं," वहिनी म्हणाली. "रोजची कटकट वाचेल."

साहेबांनी तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बेकरीलाही पीठ देऊन टाकलं होतं. गल्लीभर तोच पाव झाला. ही मात्र उकडलेले बटाटे डब्यात नेत राहिली.

आठ-दहा दिवसांनी फाटकावरचे काका आजारी पडले. खोकला त्यांना नेहमीचाच, आता ताप चढला होता. तरी ते येऊन आपल्या खुर्चीत बसले होते. चहाची किटली आली, सगळ्यांना चहा मिळाला, काकांना नाही. चुकलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

"मावशी, काकांचा चहा राहिला."

"अगंबाई, हो का?" मावशीने कप भरला. खुर्चीकडे बघितलं. तिची नजर खुर्चीवरून घसरली आणि भिंतीवर गेली. थोडा वेळ ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग तो तिने हिच्याच टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी काका किल्ली हातात घेऊन फाटकाशी उभे होते. साहेब गाडीतून उतरले, काकांना वळसा घातला, खिशातून दुसरी किल्ली काढली आणि फाटक स्वतः उघडलं. रागाने नव्हे. डबक्याला वळसा घालतात तसा घातला.

"मास्तरीणबाई," काका तिला म्हणाले, "माझं काही चुकलंय का हो? दोन दिवस झाले, कोणी बोलत नाही. घरीसुद्धा नाही."

तिने त्यांना पाणी दिलं, डब्यातला बटाटा दिला. त्यांचे ओठ फुटले होते. चेहरा पांढुरका पडला होता. तीन दिवसांनी ते यायचे थांबले. त्यांचा पत्ता विचारायला ती कारकुनाकडे गेली, तर त्याने हजेरीपटावरून बोट खाली आणलं, एका ओळीवरून उचललं आणि पुढच्या ओळीवर ठेवलं. "कोण काका?" त्याने विचारलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

ती घरी आली तेव्हा वहिनी भाजी चिरत गुणगुणत होती. मधल्या खोलीत ताईच्या उशाशी सकाळचा पेला तसाच रिकामा होता.

"वहिनी, ताईला पाणी नाही दिलंस?"

"कोणाला?" वहिनीने विचारलं. मग सुरी हातातच थांबली. कपाळाला आठ्या पडल्या, जिभेवरचा शब्द आठवावा तशा. "देते ना," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी चिरू लागली.

दादा आला. मधल्या खोलीत डोकावला. ताई उशीला टेकून बसली होती, त्याच्याकडे बघून हसली. "रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळता?" असं म्हणत दादाने दिवा मालवला.

ज्याला ताईने स्वतःच्या ताटातलं भरवलं होतं, त्या दादाने. तिने दिवा लावला, दादाचा दंड धरून त्याला पलंगापाशी ओढलं, त्याचा हात ताईच्या हातावर ठेवला. दादा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "गार आहे गं इथे," तो म्हणाला, आणि हात पुसत बाहेर गेला.

तिने घरातले पाव उचलून कचऱ्यात टाकले. तासाभराने दादा बेकरीत जाऊन दोन नवीन घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे जाऊन बसली आणि काकांपासून ताईपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी मन लावून ऐकलं. भला माणूस होता तो.

"तुम्ही फार थकलात, बाई," ते म्हणाले.

"साहेब, त्या ठिपक्याचं काय? मरतो ना तो?"

"ठिपका मरतो म्हणून तर पान जगतं. पेशीला काय दुखतं-खुपतं थोडंच? आणि शून्य तर तुमच्याच हातचं आहे."

ते खरंच होतं. तिने रजा घेतली.

तिने दवाखान्यात फोन केला. गाडी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन मधल्या खोलीत आली, आणि ताईच्या पायाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "पेशंट कुठाय?"

"हे काय, समोर!"

दोघांनी समोर बघितलं. ताईने हात जोडले, काहीतरी बोलली. एकाने नम्रपणे मान हलवली, पण हिच्याकडे बघून. कागदावर काहीतरी लिहून त्याने हिची सही घेतली आणि गाडी निघून गेली. कागदावर लिहिलं होतं, 'रुग्ण आढळला नाही.' गाडीच्या काचेपाशी कोपऱ्यावरच्या बेकरीची पिशवी होती.

आता ताईला पाणी द्यायला या जगात हिच्याशिवाय कोणी नव्हतं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पेज, औषध, भांडं, चादर. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ सोलवटते. ती अंघोळीला गेली तरी कान बाहेर ठेवून. डोळा लागला, तरी आपण झोपलो आणि ताईचा घसा सुकला तर, या धसक्याने उठून बसायची. तीन आठवडे तिची पाठ जमिनीला टेकली नाही. तिचं ताईवर फार प्रेम होतं. आणि तिसऱ्या आठवड्यात असेही क्षण यायला लागले, की ताईची हाक ऐकून तिला दात-ओठ खावेसे वाटायचे. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाजेनेही ती दमायची.

दादा-वहिनी तिच्याशी प्रेमाने वागत. "काय सारखी त्या खोलीत जाऊन बसतेस?" वहिनी म्हणे. "चल, जरा पाय मोकळे करून येऊ." त्यांच्या चेहऱ्यांवर तजेला होता. घर स्वच्छ होतं, कोणी कोणावर ओरडत नव्हतं.

एका दुपारी पेजेची वाटी तिच्या हातून सुटली. फरशीवर पेज पसरली. ती उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. उठता येईना.

ताई वरून बघत होती.

"छोटे," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "तू जेवलीस का गं?"

"जेवते नंतर."

"नंतर कधी? चार दिवस तुला घास घेताना बघितलं नाही मी. वहिनीने पाव ठेवलाय बघ, झाकून. तो खा."

"ताई, तो नको."

"खा," ताई म्हणाली. लहानपणी म्हणायची, तसंच. "आणि जरा झोप. मी आहे ना इथे."

ताईला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, देव जाणे. हिने विचारलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. झाकण काढलं.

ठाऊक होतं म्हणावं तर सगळं ठाऊक होतं. पण एवढ्या थकलेल्या माणसाला एकाच वेळी एकच गोष्ट ठाऊक असू शकते, आणि तिला भूक लागली होती.

उभ्या उभ्या तिने अख्खा पाव संपवला. छान होता. किंचित गोडसर.

मग भिंतीला टेकून ती झोपली.

जाग आली तेव्हा सकाळचं ऊन पायावर आलं होतं. कोणीतरी अंगावर पांघरूण घातलं होतं. किती वर्षांनी अशी झोप लागली! मान मोकळी झाली होती. डोळे चुरचुरत नव्हते.

"चेहरा बघ कसा खुललाय," वहिनी म्हणाली, आणि तिने तीन कप चहा ओतला.

आपण रजा कशासाठी घेतली होती ते तिला नीटसं आठवेना. थकव्यासाठीच असणार. काचघरात नवी रोपं येऊन पडली असतील, असं मनात आलं आणि तिला चक्क हुरूप वाटला. तिने अंघोळ केली, केस विंचरले, शाल घेतली.

बाहेर जायची वाट मधल्या खोलीतून होती. फरशीवर काहीतरी सांडून वाळलं होतं, पलंगावरच्या चादरी बदलायला झाल्या होत्या. रविवारी आवरू, असं तिने ठरवलं.

पलंगापाशी शाल कशात तरी अडकली.

तिने ओढली. सुटेना. उशीर होत होता. वळून न बघताच तिने हात मागे नेला. शाल पाच ठिकाणी अडकली होती. तिने एकेक करून पाचही ठिकाणी सोडवली, झटकून खांद्यावर नीट घेतली आणि कामाला निघाली.