सरपंचाचे बैल कोंडवाड्यात

कंदील जरा बारीक करा, पोरांनो. पुसदकडच्या गावातला हा रामधन माझ्या मामाच्या पंगतीला जेवलेला माणूस. तेव्हा थापा म्हणायची सोय नाही.

रामधन तांड्यातला, ग्रामपंचायतीचा कोंडवाडा सांभाळायचा. एकसष्ट साल, पोळ्याची अवस. पुरणपोळी खाऊन पाठ टेकतो न टेकतो तोच सरपंच विठ्ठलरावांचा निरोप आला, बैल सुटलेत, शोधून आण. भुरभुर पावसात रामधन निघाला.

बैल तांड्याच्या ज्वारीत सापडले. अंगावर झुली, शिंगं रंगवलेली, आणि अर्धं शेत फस्त. दुसऱ्या कुणाचं जनावर असतं तर रामधननं सरळ कोंडवाड्यात घातलं असतं. सरपंचाचे बैल मात्र गुपचूप घरी पोचवायचे, ही गावाची रीत.

त्याच वैशाखात तांड्यातल्या म्हाताऱ्या रुपीबाईच्या गायीनं सरपंचाच्या वाडीत तोंड घातलं होतं. रामधननं तिला कोंडलं. आतला हौद उन्हानं आटलेला. रुपीबाई पाण्याची घागर घेऊन फाटकाशी बसून राहिली.

"बेटा, दंड मंग भरीन. गायीले पाणी त पाजू दे."

रामधनचा जीव तुटत होता. पण दंडाशिवाय फाटक उघडायचं नाही, असं सरपंचानं बजावलेलं.

"नियम सगळ्याले सारखा हाय, याडी," तो म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. गाय तहानेनं मेली. आषाढात रुपीबाईही गेली.

तर त्या रात्री रामधन पुढं, बैल मागं. कोंडवाड्याचं वळण आलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, मागून कुणीतरी बैल हाकतंय.

च्च... च्च...

त्यानं मागं पाहिलं नाही. बैल आपणहून वळले. उघड्या फाटकातून आत गेले.

"कुलूप लाव, रामधन."

अगदी कानाशी. आवाज कोरडा, घशात थेंब नसल्यासारखा.

"याडी... सरपंचाचे हायेत..."

त्यानं कुलूप हातात घेतलं.

"मले जित्ता नाई ठेवनार थो..."

नुसता पाऊस...

"नियम," आवाज म्हणाला.

रामधननं कुलूप लावलं.

सकाळी विठ्ठलराव काठी घेऊन आले. रामधननं कुलूप काढलं. बैल बाहेर येईनात. ओढलं, झोडपलं. फाटकापर्यंत यायचे, समोर कुणी उभं असल्यासारखे बिचकायचे आणि मागं सरायचे.

"दंड भरा, मालक," रामधन रडत म्हणाला. "त्याबिगर थे नाई सोडत."

"दंड? माह्या बैलाचा?" विठ्ठलराव हसले. "मले कायदा शिकवून राह्यला का बे?"

दंड काही भरला नाही. हौद काठोकाठ भरलेला, पण बैलांनी तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघंही गेले. त्याच संध्याकाळी पोलीस आले आणि बैल मारले म्हणून रामधनला घेऊन गेले. गायीच्या वेळी कुणी आलं नव्हतं. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

आणि ऐका. फाटकाच्या मधोमध बाईच्या दोन पावलांचे ठसे होते, आत तोंड केलेले. मामानं स्वतः पाहिले. भादवाभर पाऊस कोसळला. भोवतीच्या खुरांच्या प्रत्येक ठशात पाणी साचलेलं.

त्या दोन पावलांत कोरडी धूळ होती.