सर्वांत हलकी ट्रॉली

कार्यशाळेत तीन ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या आणि अनसूया तांडेल जावई पसंत करायला आल्यासारखी एकेकीभोवती फिरत होती. पहिली अॅल्युमिनियमची, दुसरी बांबूच्या धाग्यांची, तिसरी जुन्या गोदीच्या भंगारातून ठोकलेली लोखंडी, रुंद आणि बुटकी.

"ही धोंड कशाला आणलीस गं रेहाना? हलकी हवी म्हणून घसा कोरडा केला मी!"

"तुलनेला आणलीये, ताई. चिडू नका," डॉ. रेहाना मुकादम म्हणाली. वस्तीतल्या सगळ्या वाहनांची ती अभियंता होती.

अनसूया चिडणार नाही तर काय करणार? 'रिंगण' ही त्यांची कक्षावस्ती म्हणजे अवकाशात फिरणारं एक प्रचंड चाक. माणसं धावेच्या, म्हणजे चाकाच्या कडेच्या पट्ट्याच्या, आतल्या बाजूला राहायची, पाय धावेवर आणि डोकं आसाकडे. एका बाजूला ऐलबाग, समोर पैलबाग. चाकाचा तोल राहावा म्हणून दोघींच्या मधे दोन्हीकडे एकेक तळं होतं आणि दोन्ही तळ्यांवर एकेक पूल. गेल्या वर्षी दोन्ही पुलांचे जोड तडकले. पूलच कच्चे बांधलेत, असा निष्कर्ष निघाला आणि सामान नेता येईना म्हणून पैलबाग मोडीत काढायचं ठरलं. येणारं यान तिथल्या माणसांना पृथ्वीवर घेऊन जाणार होतं. त्याआधी बटाट्याची लागवड उभी राहिली, तरच फेरविचार.

पैलबागेची प्रमुख अनसूयाच. चंद्रावरच्या धुळीत पालापाचोळा कुजवून तिने ती माती केली होती. आता वर्षभर पडीक राहून ती दगडासारखी झाली होती, कुदळीचे दांडे मोडत होते. नांगरायला बागेपुरता छोटा ट्रॅक्टर होता, पण तो ऐलबागेत. त्याच्या चाकांचे दात पुलाचा पत्रा फोडतील, म्हणून तो ट्रॉलीवरूनच न्यायला हवा. उघडून सुटे भाग न्यावेत, तर तो सीलबंद. आणि पलीकडून दोराने ओढायचं म्हटलं, तरी पुलाची नवी भारमर्यादा ट्रॅक्टरच्या वजनाहून जेमतेम पोतंभर जास्त! एवढी हलकी ट्रॉली कुणी जन्माला घातलीच नव्हती.

"बांबूची चालवून तर बघू," रेहाना म्हणाली. तिने ट्रॅक्टरच्या वजनाची मातीची पोती लादली, भारमापक जोडला आणि पुढच्या विजेच्या गाडीला ट्रॉली अडकवून अनसूयाला चालवायला बसवलं. रस्त्याचं नाव प्रदक्षिणामार्ग. पहिल्या रहिवाशांनी ठेवलेलं. त्यावर वाहनं एकाच दिशेने जायची, चाक फिरतं त्या दिशेने.

पुलाच्या अलीकडेच वळून ऐलबागेतल्या आतल्या वाटेने सावकाश परत आल्यावर अनसूयाने भारमापक बघितला आणि कपाळावर हात मारला. "उभी असताना एवढं, आणि पळताना जवळजवळ पावणेदोन पट? वजनाला पाय फुटले की काय?"

"मापक बरोबर आहे," रेहाना म्हणाली. "आपल्याला इथे जे वजन आहे तो नुसता भ्रमणभार. चाक फिरतं, म्हणून धाव आपल्याला आत ढकलते आणि आपल्याला वाटतं आपण जड आहोत. चाकाच्याच दिशेने पळालं, की आपण आणखी जोरात फिरतो. भार वाढतो."

"आणि उलटं पळालं तर?"

रेहानाने मातीच्या पोत्यावर बोटाने आकडे मांडायला घेतले. हा हिशेब तिला शाळेपासून पाठ होता. पण रस्ता एकदिशा, मग उलट दिशेचं गणित मांडणार कोण?

"निम्म्याहून कमी," शेवटी ती म्हणाली. "ताई, निम्म्याहूनही कमी! गाडी, तुम्ही, ट्रॅक्टर, ट्रॉली, सगळं मिळून उलट्या वाटेवरच्या दुसऱ्या पुलावरून सहज जाईल. फक्त वेग कमी होऊ द्यायचा नाही. थांबलात की सगळं वजन परत."

"मग बांबूचीच जोडू."

"छे! भार कमी झाला की चाकांची पकडही कमी होते. उंच ट्रॅक्टर त्या काटकुळीवर कलंडेल. आता वजनाची चिंताच नाही. ती लोखंडी घ्या. रुंद आहे, बुटकी आहे."

ती धोंड! अनसूयाला हसू आवरेना.

मार्गप्रमुख आंगणेकाकांना मात्र हसू आलं नाही. ते पहिल्या रहिवाशांपैकी एक, आणि वस्तीच्या निर्णयांत शेवटचा शब्द त्यांचाच. "उलटी प्रदक्षिणा? माझ्या हयातीत नाही!"

"काका, माझी माणसं चाललीत हो," अनसूया म्हणाली. "त्यांचं घर चाललंय. एकदाच जाऊ द्या."

काकांनी मान फिरवली, पण अडवलं नाही.

रस्ता मोकळा केला. अनसूयाने ऐलबागेपासूनच वेग धरला. पोटात हलकं वाटू लागलं, वेणी मानेवरून उचलली गेली. पूल आला. मध्यावर मागची चाकं घसरली, वेग उतरला, आणि भारमापकाचा आकडा सरसर चढायला लागला.

"सोडू नका!" कानातल्या यंत्रातून रेहाना ओरडली. "ब्रेकला हात लावू नका, वेग वाढवा!"

अनसूयाने डोळे मिटले नाहीत एवढंच. चाकांनी पुन्हा पत्रा धरला, आकडा उतरला, आणि लोखंडी ट्रॉली ट्रॅक्टरसकट पैलबागेच्या मातीत शिरली. तिथल्या बायाबापड्यांनी एकच गलका केला. नांगर लागला तेव्हा अनसूया बांधावर बसून हमसून हमसून रडली.

रेहाना आणि काका मागून चालत आले. रेहानाच्या हातात पुलांचा मूळ आराखडा होता. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, पूल कच्चे नव्हते. बांधले तेव्हा गाड्या माणसाच्या चालीने चालायच्या. मग आपण वेग वाढवला आणि आराखडा कुणीच उघडून बघितला नाही, मीसुद्धा नाही. प्रत्येक गाडी पुलावरून दीडपट, पावणेदोन पट होऊन जात होती. जोड आपणच तोडले."

काकांनी आराखडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "दुरुस्त केले, तर टिकतील?"

"उलटं गेलो, तर आपल्या नातवंडांनाही पुरतील."

"पण प्रदक्षिणा..."

अनसूयाने पदराने डोळे पुसले. "काका, प्रदक्षिणा घालताना देव कोणत्या हाताला असतो?"

"उजव्या. हे काय विचारणं झालं?"

"मग इथे चाकाचा आस कुठे आहे? दाखवा बघू."

काकांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि मग सावकाश मान वर केली. आस थेट डोक्यावर होता. कुठल्याही दिशेने गेलं, तरी डोक्यावरच!

"अरेच्चा," काका पुटपुटले. "म्हणजे एवढी वर्षं आम्ही नुसतेच फिरत होतो?" आणि मग ते असे हसले, की त्यांना ट्रॉलीचा आधार घ्यावा लागला.

हसू ओसरल्यावर त्यांनी रेहानाला जवळ बोलावलं. "रस्त्यावरचे बाण उलटे रंगवायला घे. आणि यानाला कळव, पैलबागेतून कोणी परत येत नाही. बियाणं तेवढं जास्तीचं आणा म्हणावं."