टेबल चारची अठरा मिनिटं

“माझ्या भाचीची चप्पल हितं हाय, भाची न्हाई, आन तुमी मला परीक्षेचं नियम सांगताय व्हय?”

आकारामचा आवाज हॉलभर घुमला. कार्डं पिसणारे हात जागेवर थांबले.

“आवं मामा, सृष्टीचा मेसेज आलाय न्हवं तुमाला?” ब्राह्मी म्हणाली.

आला होता. दहा चोवीसला. ‘मामा, मी एसटीनं घरी निघाले.’ तेव्हापासून फोन बंद. आता सव्वाअकरा.

“अनवाणी? कोरेगावपतुर?”

सांगलीजवळ हरिपुरात हा हॉल. राक्षस अन् मंत्र छापलेल्या कार्डांच्या स्पर्धा होतात, त्यांना जज लागतात. ते जज ब्राह्मी तीन वर्षं फुकटात घडवत होती. आज त्या जजांच्या सर्टिफिकेटची परीक्षा, आधी खेळाच्या फेऱ्या, मग लेखी पेपर. सृष्टीचा नंबर दुसऱ्या फेरीत होता. तिला घेऊन आलेला आकाराम फौजेतनं रिटायर झालेला हवालदार. सकाळपासून पुढच्या दाराच्या पायरीवर बसलेला.

“माझ्यासमोरनं मुंगी गेलेली न्हाई. म्हंजे पोरगी मागनं गेली.”

मागचं दार त्यानं ढकललं. परड्यात फरश्याच फरश्या. हळद साठवायची जुनी पेवं, जमिनीखालची खोल कोठारं, प्रत्येकाच्या तोंडावर एक फरशी. बावीस.

शेजारची म्हातारी बनुबाई कुंपणातनं ओरडली, “आत पडलं आसंल तर लवकर बगा रं! आत हवा न्हाई. आदी दिवा विझतो, मग मानूस!”

चार पोरं पहिल्या फरशीला भिडली. रिकामं. दुसरं रिकामं. अशी बावीस बघायची तर पोरगी मरेल. कुणाला तरी माहीत आहे कुठलं. तो आत वळला.

“सकाळी तिच्याशी कोन भांडलं?”

“मी,” आष्ट्याचा वीरधवल म्हणाला. “ती म्हनली पेपर फुटलाय, फोटो हाय माझ्याकडं. मला वाटलं माझ्यावर ढकलतीय.”

“दहानंतर कुठं व्हतास?”

“टेबल चारवर, कीर्तीसमोर. दहा दहाला फेरी चालू झाली आन गोमटेशदादानं आमच्या कार्डांच्या गड्ड्या तपासायला उचलल्या. आमी बसलो झक मारत.”

“किती वेळ?”

“काय म्हाईत. फोन टोपलीत जमा. पर लय वेळ.”

कीर्तीनं मान हलवली.

गोमटेश भिंतीला टेकून उभा होता. ब्राह्मीचा उजवा हात, सगळ्यात कडक जज. त्याच्या डोक्याच्या वर भिंतीवर त्याच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला: ‘जजनं खेळ थांबवला, तर तेवढी मिनिटं खेळाडूला परत.’

“गड्ड्या कुठं तपासल्यास?”

“शेजारच्या खोलीत.”

“किती वेळ?”

“सात मिनिटं.”

“तेवढाच लागतो मामा,” ब्राह्मी म्हणाली.

“मागं गेलतास?”

“न्हाई. गड्ड्या दिल्या आन हॉलमध्येच व्हतो. सोडा की आता, पोरगी रुसून गेली आसंल.”

आकारामनं टेबल चारवरची निकालाची चिठ्ठी उचलली. वाचली. भिंतीवरचा कागद वाचला. परत चिठ्ठी.

बाहेर बनुबाईचा आवाज, “पाचवं बी रिकामं!”

“गोमटेश,” आकाराम हळू बोलला. ओरडण्यापेक्षा ते भारी होतं. “ह्ये कोपऱ्यात ‘अधिक अठरा’ कुणी लिवलंय? खाली सही कुणाची?”

गोमटेशनं चिठ्ठीकडं बघितलं. मग नजर मागच्या दाराकडं गेली.

“कुठलं पेव?”

आकारामनं त्याचा खांदा धरला.

“आरं गड्या, तिचा श्वास सरतोय! कुठलं?”

“लिंबाखालचं,” गोमटेश म्हणाला. “फट ठेवलीय मी. थोडी फट ठेवलीय.”

फरशी सरकली. आत नुसता काळोख अन् कुबट वास. आकाराम उडी घ्यायला निघाला तर बनुबाईनं सदऱ्याला धरून मागं ओढलं. “आदी दिवा!”

कंदील दोरीनं खाली गेला. ज्योत आखडली, निळी झाली, मरायला टेकली. बनुबाईनं दोरी धरून ठेवली. ज्योत टिकली.

महापुराच्या गाळानं पेव निम्मं भरलेलं, म्हणून पोरगी वाचली. वर काढली तेव्हा पाय वाकडा झालेला, ओठ निळे. पण छाती हलत होती. आकारामनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

रस्त्यावर अॅम्ब्युलन्स येऊन थांबली. दोन पोलीस गोमटेशला धरून उभे राहिले.

“मला कळंना मामा,” ब्राह्मी रडत म्हणाली. “चिठ्ठीवरनं कसं ओळखलं?”

“चप्पल पुढच्या दारात, म्हंजे ती मागनं गेली आन लगीच येनार व्हती. वळखीच्या मानसानं ‘जरा बोलायचंय’ म्हनून न्हेलं. पेपर ह्यानंच फोडलाय ह्ये तिला कळलंवतं. फोटो बी आदी ह्यालाच दाखवला येड्या पोरीनं. फोनवर झटापट झाली, ती उघड्या पेवात गेली. ह्यो घाबरला, फरशी वडली, तिच्या फोनवरनं मला मेसेज केला, दहा चोवीसला. तवा ह्यो म्हनतो मी हॉलमध्ये. पर दहा दहापास्नं ह्यानंच लिवलेली अठरा मिनिटं धर, दहा अठ्ठावीसपतुर ह्यो टेबलावर आलाच न्हवता.”

“मग अठरा लिहिलं कशाला? सात लिहिलं आसतं तर…”

गोमटेशनं मान वर केली. “त्यांचा खेळ थांबला व्हता, ब्राह्मीताई. मिनिटं त्यांची व्हती.”

ब्राह्मीनं तोंड झाकून घेतलं.

“तुमीच शिकवलंय त्याला,” आकाराम म्हणाला. “तोंड खोटं बोललं, हाताला जमलं न्हाई. आन त्या फरशीची फट बी…”

अॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. आतनं सृष्टीचा बारीक आवाज आला, “मामा?”

“ऱ्हाऊ दे. मी निघतो आता,” आकाराम म्हणाला अन् अॅम्ब्युलन्सकडं वळला.